मुहूर्तावर निघालेली चाकं

आमचं दुकान शिरगावच्या रस्त्याला आहे. टायर, पंक्चर, अलाइनमेंट. नवरा माल आणतो, मशीन मी बघते. सुरुवातीला लोक बाईच्या हातात गाडी द्यायला कचरायचे. आता तेच लोक मी जेवायला गेलेली असले तर बाहेर थांबून राहतात. हे सांगायचं कारण एवढंच, की चाकाच्या बाबतीत मला कुणी शिकवायला आलेलं खपत नाही. आणि त्या दिवशी शिकवायला आलेला माणूस माझा सख्खा मोठा भाऊ होता.

दादा मुंबईला बांधकामाची कंत्राटं घेतो. गेल्या वर्षी त्याने एक गाडी घेतली. तिचं नाव सांगत नाही. ती नदीतून जाते, वाळूतून जाते, डोंगर चढते असं जाहिरातीत दाखवतात आणि घेणारे तिला लग्नाच्या हॉलसमोर नेऊन उभी करतात. कंपनीने दिलेली चाकं काही लहान नव्हती, पण दादाला ती लहान वाटायला लागली. कुठल्याशा मित्राच्या गाडीला त्याने मोठी काळी चाकं बघितली, जाड दातांच्या टायरची, मडगार्डच्या बाहेर डोकावणारी. तसलीच त्याने मागवली आणि पत्ता माझ्या दुकानाचा दिला.

"मुंबईत कुणीही बसवून दिली असती," मी फोनवर म्हटलं.

"बहिणीचं दुकान असताना मी दुसऱ्याच्या दारात कशाला जाऊ?" तो म्हणाला. "आणि शिमग्याला पालखी येईल तेव्हा गाडी गावात नव्या चाकांवर उभी पायजे."

मी त्याला दहा कारणं सांगितली. एवढी मोठी चाकं लावली की गाडी पेट्रोल जास्त पिते, ब्रेकवर ताण येतो, स्टिअरिंग जड होतं, वळणावर टायर आत घासतो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि "तू बसव गो, बाय" एवढंच म्हणाला. रागही आला आणि खरं सांगते, बरंही वाटलं. दादा माझ्या दुकानात आजवर आला तो चहापुरता. माझ्या हातचं काम त्याला हवं होतं, हे पहिल्यांदाच.

मी त्याला एकट्याने यायला सांगितलं होतं. तो आला आई आणि वहिनीला घेऊन. दोघी ठेवणीतल्या साड्या नेसून, आईच्या हातात आरतीचं ताट, वहिनीच्या पिशवीत नारळ, लिंबं, हार. दुकानात ग्रीसचा वास, खाली तेलाचे डाग, आणि ह्या दोघी चपला कुठे काढायच्या ते शोधतायत. मी दोन खुर्च्या पुसून दिल्या आणि कामाला लागले.

मोठ्या चाकांचं काम नुसतं जुनं काढून नवं लावण्याइतकं सोपं नसतं. नव्या चाकाच्या मधलं भोक मोठं होतं, त्यात कड्या बसवाव्या लागल्या. गाडीचे मूळचे नट त्या रिमला चालत नाहीत, म्हणून चाकांबरोबर वेगळे आले होते, लालभडक, दादाच्या आवडीचे. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून बघितलं तर आतलं प्लास्टिक घासत होतं. ते तासलं, परत फिरवलं, परत तासलं. आमच्याकडे काम करणारे काका आणि मी सकाळभर त्यातच होतो. दादा मोबाइलवर फोटो काढत फिरत होता आणि मधूनमधून "झालं काय?" विचारत होता.

आता माझी एक पद्धत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. चाक हवेत असताना नट साध्या पान्याने नुसते बसवायचे. मग गाडी खाली टेकवायची आणि टॉर्क पाना घेऊन एकेक नट समोरासमोर, ठरलेल्या जोरापर्यंत आवळायचा. जोर पुरा झाला की पाना हातात कट्ट करतो. तो कट्ट ऐकल्याशिवाय चाक बसलं असं मी म्हणत नाही. आणि तोवर गाडीची किल्ली माझ्या खिशात. मालक कुणीही असो. घाई असलेला मालक आम्ही पुष्कळ बघितलेत.

चारही चाकं बसवून गाडी खाली टेकवली आणि मी टॉर्क पाना आणायला वळणार, तेवढ्यात दादा म्हणाला, "थांब. मुहूर्त चाललाय."

मुहूर्त त्याच्या मुंबईच्या गुरुजींनी काढून दिला होता. गुरुजी मोबाइलवर. दादाने फोन कॉम्प्रेसरवर टेकवून उभा केला आणि गुरुजी पलीकडून मंत्र म्हणायला लागले. मी म्हटलं, "दादा, नट आवळायचेत अजून."

"अगो, पूजा चाकांची आहे, ती लागलीत ना? दहा फूट पुढे घेऊन लिंबं चिरडतो, मग तू बस आवळत दिवसभर."

दहा फूट. हाताने बसवलेल्या नटांवर गाडी दहा फूट सरकली तर काही होत नाही, हे मलाही माहीत होतं. आई ताट घेऊन उभी होती, गुरुजींचा आवाज वाढला होता. मी हो म्हटलं. पण पूजा काम झाल्यावर करायची असते. आमच्याकडे तरी तसंच आहे. घर बांधून झालं की वास्तुशांत, होडी तयार झाली की पाण्यात उतरवताना नारळ. ज्याची पूजा झाली त्याचं काम झालं, असंच प्रत्येकजण धरून चालतो. ही तिघंही तसंच धरून चालतील, एवढं मात्र तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

हळद-कुंकू झालं, हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली. मी किल्ली खिशात घेऊनच गाडीजवळ उभी राहिले. ह्या गाडीला किल्ली फिरवावी लागत नाही, जवळ असली की बटण दाबून गाडी सुरू होते. दादाने गाडी पुढे घेतली, लिंबं फुटली, वहिनीने टाळ्या वाजवल्या. गाडी दाराशी थांबली. मी म्हटलं, "तिथेच राहू दे, पाना घेऊन आले."

टॉर्क पाना मी आतल्या कपाटात कुलपात ठेवते. कुलूप काढलं, पाना काढला, काटा जोरावर लावला. बाहेर आले तर दारात गाडी नव्हती.

मी खिशात हात घातला. किल्ली खिशातच होती.

क्षणभर मला काही कळेचना. मग लक्षात आलं, की असल्या गाडीला दोन किल्ल्या मिळतात आणि दुसरी वहिनीच्या पर्समध्ये असणार. काका हात पुसत उभे होते. त्यांना विचारलं तर म्हणाले, "आई बोलल्या, आता नारळ पुळ्याला वाढवूनच येऊया. बसले नि गेले. मला वाटला तुमी सांगितलाव."

गणपतीपुळे. म्हणजे साखरतरचा पूल, कासारवेली आणि मग आरे-वारेची घाटी, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला खाली समुद्र. दादाला फोन लावला तर तो कॉम्प्रेसरवर वाजायला लागला. गुरुजींना दाखवायला टेकवलेला फोन तो तिथेच विसरला होता. वहिनीचा लावला तर संपर्क क्षेत्राबाहेर. आईकडे मोबाइल नाही.

काकांना सांगितलं, "वहिनींचा नंबर लावत राहा, लागला की गाडी जागच्या जागी उभी करायला सांगा." जॅक, पाना आणि टॉर्क पाना आमच्या जुन्या व्हॅनमध्ये टाकला आणि निघाले.

ती व्हॅन सामान आणायची. जोरात पळवली की तिची दारं आपोआप उघडतात. एका हाताने माझ्या बाजूचं दार धरून मी शिरगाव ओलांडलं. डोकं एकाच गोष्टीवर चाललं होतं. हाताने बसवलेला नट लगेच निघत नाही. आधी किंचित सुटतो. मग चाक टकटक करतं. मग आणखी सुटतो. नव्या रिमचा रंग नटाखाली दबतो, त्यानेही ढिला पडतो. गाडी जड, टायर जड, रस्त्यात खड्डे. आतल्यांना काच बंद, एसी चालू, गाणी लावलेली. त्या गाडीत बाहेरचा आवाज येत नाही याचंच दादाला केवढं कौतुक होतं.

साखरतरच्या पुलावर कोळणी टोपल्या घेऊन रिक्षाची वाट बघत होत्या. पुलाच्या पुढे टपरीवर एकाला विचारलं, मोठी काळी गाडी गेली काय, हार घातलेली. तो म्हणाला, "मगाशीच गेली. पन मागच्या बाजूस कायतरी वाजत व्हता तिचा."

मी दादाला मोठ्याने शिव्या द्यायला लागले, एकटीच, व्हॅनमध्ये. लहानपणी मला सायकलवर पुढे बसवून हात सोडून चालवायचा तेव्हाही मी अशाच शिव्या द्यायची. वहिनीला दिल्या, पर्समध्ये किल्ली ठेवली म्हणून. मुंबईच्या गुरुजींना दिल्या. आईला दिल्या नाहीत. आई गाडीत होती, आणि मला तिच्याबद्दल काहीच मनात आणायचं नव्हतं.

कासारवेलीनंतर रस्ता वर चढतो. वर सपाटीवर लोक गाड्या लावून समुद्राचे फोटो काढतात. तिथे मला ती गाडी दिसली. हार लटकलेला, वहिनी आत बसतेय, दार बंद होतंय. मी हॉर्न दाबला तो दाबूनच धरला. गाडी सुरू झाली आणि उताराला लागली.

मी मागे. हॉर्न वाजतोय, दिवे मारतेय. मध्ये एक पर्यटकांची गाडी होती, ती बिचारी घाबरून बाजूला झाली. आता माझ्यापुढे फक्त दादाची गाडी, आणि मला तिचं डावं मागचं चाक स्पष्ट दिसत होतं. ते सरळ फिरत नव्हतं. आत-बाहेर होत डगमगत होतं. लाल नट पाच दिसायला हवेत. फिरत्या चाकात मोजता येत नाहीत, पण तिथे मला लाल रंग कमी दिसत होता. डावीकडे कठडा आणि कठड्याखाली समुद्र. आणि त्या चाकाच्या वर, मागच्या सीटवर, काचेतून दिसत होता आईचा अंबाडा.

दादाने खिडकीतून हात बाहेर काढला आणि हलवला. मला वाटलं, ह्याला मजा वाटतेय. बहीण पाठलाग करतेय, शर्यत लावतेय. मी तेव्हा जे ओरडले ते इथे लिहिता येणार नाही. तो थांबला नाही. उलट पहिलं वळण त्याने तसंच घेतलं, आणि वळणावर ते चाक इतकं झुकलं की मी डोळे मिटले. व्हॅन चालवताना मिटले.

वळणानंतर रस्ता थोडा रुंद होतो. समोरून कुणी येत नव्हतं, की येत होतं आणि मला दिसलं नाही, देव जाणे. मी उजवीकडून व्हॅन काढली, त्याच्या पुढे गेले आणि हळूहळू वेग कमी करत आणला. एकदम अडवलं असतं तर त्याने करकचून ब्रेक मारला असता, आणि ते चाक काय करेल याचा भरवसा नव्हता. आरशात बघत, इंचाइंचाने, मी त्याला थांबवलं. गाडी थांबली.

मी धावत मागे गेले. दादा उतरला. मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं. ते हललं. एवढी मोठी गाडी उभी, आणि चाक हाताने हलतंय. दोन नट नव्हतेच. उरलेले तीन बोटांनी फिरत होते.

"आई, उतर," मी दार उघडून म्हटलं.

"देवाच्या दारात उतरायचं गो. नारळ हातात घेतलाय," आई म्हणाली.

"आई, उतर खाली!" 

आयुष्यात मी आईवर तशी ओरडले नव्हते. ती उतरली. वहिनी आधीच उतरली होती. मी दादाचा हात धरून चाकावर ठेवला आणि हलवून दाखवलं. तो खाली वाकून दोन रिकाम्या जागा बघत राहिला.

मग मी सुटले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, आणि आठवतं तेही कमी नाही. पैसा आला की माणसाला ऐकू येईनासं होतं, म्हटलं. तुला पालखीत देव दिसतो की गाडी, म्हटलं. हॉर्न मारून मारून माझा हात दुखला, तुला वाटलं मी खेळतेय, म्हटलं. आईला मारायला निघाला होतास तू, असंही म्हटलं. हे वाक्य मी बोलले, त्याच्या बायकोसमोर, आईसमोर, रस्त्यावर थांबलेल्या दोन-चार अनोळखी माणसांसमोर. दादा एरवी माझा एक शब्द ऐकून घेत नाही. त्या दिवशी तो मान खाली घालून उभा राहिला आणि शेवटी एवढंच म्हणाला, "चुकलं माझं."

आई कठड्याजवळ उभी होती. नारळ तिच्या हातातच होता.

गाडी उचलायच्या आधी तिचं सस्पेन्शन स्क्रीनवरून बंद करावं लागतं. दादाला ते सापडेना. शेवटी वहिनीने केलं. मी जॅक लावला. पुढच्या दोन चाकांचा एकेक नट काढून मागच्या चाकाला लावला, गाडी टेकवली आणि चारही चाकं टॉर्क पान्याने आवळली. एकेक कट्ट ऐकू येत होता. त्या डाव्या मागच्या रिमच्या भोकांच्या कडा खाल्ल्या गेल्या होत्या, म्हणजे ते चाक आता कामातून गेलं होतं. हळू चालवत दुकानापर्यंत न्यायला पुरेल एवढंच. मी दादाला सांगितलं, पुळ्याला जायचं नाही, परत फिरायचं, सायकलच्या वेगाने, आणि मी मागे असेन. तो हो म्हणाला.

आई म्हणाली, "मी हिच्याबरोबर येते."

असे आम्ही निघालो. पुढे दादाची गाडी, चारही दिवे लुकलुकत. मागे आमची व्हॅन. शेजारी आई, मांडीवर नारळ, एका हाताने तिने तिच्या बाजूचं दार धरलेलं. मागून येणाऱ्या गाड्या हॉर्न मारत होत्या, मारू देत म्हटलं. माझी नजर त्या डाव्या चाकावरून हलत नव्हती. राग अजून उतरला नव्हता. मी मनात आणखी वाक्यं जुळवत होते, दुकानात गेल्यावर ऐकवायची.

कासारवेली आली. आई म्हणाली, "त्याला आता परत बोलू नको हां."

"का नको? मी मागून बोंबलत होते आणि ह्याला थांबता आलं नाही?"

आई पुढे बघत होती. "हॉर्न मला पण ऐकू आला. मागे वळून बघितलं तर तुझी गाडी. तो म्हणाला, आई, बाय आहे, थांबतो. मी म्हटलं, नको. देवाला निघालेल्याला मागून हाक आली तर थांबू नये. दर्शन करूया, मग बोलेल ती काय ते. मी त्याला दोनदा म्हटलं. तो तुला हात करून सांगत होता, पुढे थांबतो म्हणून."

मला पुढचा रस्ता दिसेना, पण व्हॅन चालवणं भाग होतं.

"मग तिथे का नाही बोललीस? मी त्याला काय काय बोलत होते तेव्हा?"

"बोलणार होते," आई म्हणाली. "त्याने मला मानेने नको म्हटलं."

साखरतरचा पूल आला. पुढच्या गाडीचा वेग आणखी कमी झाला, दादा पुलाचा सांधा जपून ओलांडत होता. दुकानात पोहोचल्यावर मी त्याच्यासमोर चहाचा कप ठेवला आणि त्याची नजर चुकवून चाकाजवळ जाऊन बसले. मी त्याला आईला मारायला निघालास म्हटलं होतं, आणि ते त्याने आईसाठी ऐकून घेतलं होतं. आईने मला सांगितलंय हे त्याला आजही माहीत नाही.